‘खोट्या’ कळा, खरी काळजी

आठवा महिना लागला की पोटुशी बाई दोन गोष्टी मोजायला लागते. एक, उरलेले दिवस. आणि दुसरं, मध्येच पोट दगडासारखं कडक होतं, ते आज कितीदा झालं! दिवस मोजायला घरातले सगळे मदत करतात. सासूबाई कालनिर्णय काढतात, आई फोनवर तारखा विचारते, नणंद बोटं मोडून हिशेब करते. पण पोट कडक झाल्याचं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘अगं, खोट्या कळा त्या! एवढं काय?’ झालं, विषय संपला.

मैत्रिणींनो, आज या ‘खोट्या’ कळांबद्दलच लिहायचं ठरवलंय. आमच्या महिला मंडळात महिन्यातून एकदा गावातल्या गरोदर सुनांची बैठक होते. आशाताई येतात, कधी उपकेंद्राच्या सिस्टर येतात. चहा होतो, थोडं हसणं-खिदळणं होतं आणि मग सुरू होतात प्रश्न. आहार, सोनोग्राफी, पायावरची सूज हे सगळं बोलून होतं. सगळ्या उठायला लागल्या की एखादी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, ‘काकू, पोट असं ताठतं नि सुटतं, ते काय असतं हो? घरी म्हणतात वायू धरला असेल.’ दर बैठकीला कोणी ना कोणी हे विचारतेच. आणि दर वेळी हळूच विचारते, हे विशेष!

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, संसार सांभाळून चार कामं करणारी बाई आहे. पण सिस्टर आणि डॉक्टर मॅडमकडून वर्षानुवर्षं ऐकून, विचारून, पुन्हा विचारून जे समजलं ते साध्या शब्दांत सांगते.

गर्भपिशवी म्हणजे एक स्नायू. एरवी मुठीएवढी, 60-70 ग्रॅम वजनाची ही पिशवी दिवस भरेपर्यंत जवळजवळ एक किलोची होते. नुसती ताणली जात नाही, तिचा स्नायू वाढतो, दणकट होतो. आता स्नायू म्हटला की तो आवळणार आणि सैल पडणार. गर्भपिशवीही गरोदरपणात अधूनमधून आवळते आणि सैल होते. आवळली की पोट कडक लागतं, कधी एका बाजूला गोळा आल्यासारखं दिसतं. अर्धा मिनिट, एक मिनिट, फार तर दोन मिनिटं आणि मग पुन्हा मऊ. हे पाचव्या-सहाव्या महिन्यापासून होऊ शकतं, पण बहुतेकींना ते जाणवतं सातव्या महिन्यानंतर. पहिलटकरणीला उशिरा कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला लवकर. काहींना शेवटपर्यंत जाणवतही नाही, त्यातही काळजीचं कारण नाही.

जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी 1872 साली या आवळण्याबद्दल पहिल्यांदा नीट लिहिलं. म्हणून डॉक्टरांच्या भाषेत त्यांना ‘ब्रॅक्स्टन हिक्स’ म्हणतात. फाइलवर कधी ‘बी.एच.’ असं काही लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते हेच! म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना जे सोसून माहीत होतं, ते पुस्तकात यायला 1872 साल उजाडावं लागलं.

आपल्या मराठीत मात्र त्यांना नाव पडलं ‘खोट्या कळा’. आणि माझं भांडण आहे ते या नावाशी! अहो, कळ खोटी कशी असेल? पोट खरोखर कडक होतं. पिशवी खरोखर आवळते. फक्त त्या आवळण्याने पिशवीचं तोंड उघडत नाही आणि बाळ खाली सरकत नाही, इतकंच. शाळेत स्नेहसंमेलनाआधी तालीम चालते, तिला आपण खोटं नाटक म्हणतो का? तसंच हे. मी तर आमच्या बैठकीत ‘सरावाच्या कळा’ असंच म्हणते. शब्दात काय आहे, असं कोणी म्हणेल. शब्दात बरंच काही आहे. कळा खोट्या म्हटल्या की त्या सांगणारी बाई आपोआप खोटारडी ठरते. आणि एकदा खोटारडी ठरलेली बाई पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

आता ओळखायचं कसं? आमच्या सिस्टर एक सोपी खूण सांगतात. बोटांची टोकं पोटावर ठेवा. मग तीच बोटं आपल्या गालाला, नाकाच्या शेंड्याला आणि कपाळाला लावून बघा. पोट गालासारखं मऊ असेल तर पिशवी सैल आहे. नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर थोडी आवळलीय. कपाळासारखं टणक लागलं तर चांगलीच आवळलीय. बाळ हललं किंवा कूस बदलली तर पोटाचा एखादाच भाग टणक लागतो, पिशवी आवळली तर सगळं पोटच घट्ट होतं.

दुसरी खूण घड्याळाची. एक आवळणं सुरू झालं ती वेळ लिहायची आणि पुढचं सुरू झालं ती वेळ लिहायची. कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहा, मोबाइलमध्ये लिहा, मुलाच्या पाटीवर लिहा, पण लिहा! ‘मघाशी झालं, मग परत झालं’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. सरावाच्या कळा असतील तर वेळांना धरबंध नसतो. एक वीस मिनिटांनी, दुसरी पन्नास मिनिटांनी, मग दोन तास काहीच नाही. जोरही वाढत जात नाही. बहुधा पोटाच्या पुढच्या भागातच आवळल्यासारखं होतं. बाळंतपणाच्या कळा मात्र शिस्तीच्या असतात. कमरेतून उठून पोटाकडे येतात, दोन कळांमधलं अंतर कमी कमी होत जातं, प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा लांबते आणि तिचा जोर वाढतो. कळ चालू असताना बोलणंही सुचत नाही. सोबत चिकट, रक्ताची छटा असलेला स्राव दिसू शकतो.

तिसरी खूण विश्रांतीची. आधी लघवीला जाऊन या, कारण भरलेल्या लघवीच्या पिशवीनेही गर्भपिशवी आवळते. मग दोन पेले पाणी प्या, ताक किंवा लिंबाचं सरबतही चालेल. उभ्या असाल तर डाव्या कुशीवर पडा, तासन्‌तास पडून असाल तर उठून चार पावलं फिरा. कोमट पाण्याने आंघोळही करून बघा. सरावाच्या कळा असतील तर अर्ध्या-एक तासात बहुधा ओसरतात. खऱ्या कळा कुशीवर झोपण्याने, पाण्याने, चालण्याने थांबत नाहीत.

पाण्याचं मी मुद्दाम सांगते. अंगातलं पाणी कमी पडलं की पिशवी जास्त आवळते. आपल्याकडच्या, विशेषतः विदर्भ-मराठवाडा-खानदेशातल्या उन्हाळ्यात तर हे होतंच. आणि आपण बायका पाणी का पीत नाही? तहान नसते म्हणून नाही, तर जायचं कुठे या विचाराने! बसस्टँडवरची मुतारी पाय ठेवण्याच्या लायकीची नसते, शेतात आडोसा नसतो, लग्नघरात रांग असते. म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर काढायचं आणि लघवी धरून ठेवायची. याने उन्हाळी लागते, लघवीत जंतुदोष होतो आणि त्या जंतुदोषाने वेळेआधी खऱ्या कळा सुरू होऊ शकतात. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींचा विचार करा. पोटात सातव्या-आठव्या महिन्याचं बाळ, डोक्यावर उसाची मोळी, पाणी आणायला लांब जायचं, संडास नाही. त्यांना ‘डाव्या कुशीवर पडा’ सांगणारं कोण आणि सांगितलं तरी पडू देणारं कोण? तेव्हा ही नुसती शरीरशास्त्राची गोष्ट नाही.

एक गोष्ट मात्र फार काटेकोरपणे लक्षात ठेवायची. वर सांगितलेली विश्रांतीची परीक्षा प्रत्येक वेळी घ्यायची नसते. काही वेळा थेट दवाखाना गाठायचा असतो. अंगावरून रक्त गेलं, पाणमोट फुटून पाणी जायला लागलं, मग कळा असोत वा नसोत. बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली. पोट कडक झालं आणि सैल पडतच नाही, सतत दुखतंय. डोकं भयंकर दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा-हात सुजलेत. थंडी वाजून ताप आलाय. यातलं एकही असेल तर पाणी पिऊन बघू, सकाळ होऊ दे, असं म्हणायचं नाही. पाणी गेलं असेल तर स्वच्छ कापडाची घडी लावून ठेवा आणि पाण्याचा रंग बघून ठेवा. हिरवट असेल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं. ज्यांचं आधीचं बाळंतपण सिझरने झालंय, जुळं आहे, बी.पी. आहे, सोनोग्राफीत वार खाली असल्याचं सांगितलंय किंवा आधीचं मूल कमी दिवसांचं झालंय, त्यांनी घरी वाट बघण्याचा विचारच करू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दिवसांचा. आपण म्हणतो नऊ महिने नऊ दिवस. डॉक्टरांचा हिशेब त्याच्या जवळचाच आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस, म्हणजे 280 दिवस, म्हणजेच 40 आठवडे. यातले 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाळ झालं तर ते कमी दिवसांचं. म्हणून 37 आठवड्यांच्या आत पोट तासाभरात चार-सहा वेळा कडक होत असेल, कमरेत ओढ लागत असेल, ओटीपोटात खाली दाब येत असेल, तर ‘अजून दिवस कुठे भरलेत, खोट्याच असणार’ हा आपला घरगुती न्याय चालत नाही. उलट दिवस भरले नाहीत म्हणूनच धावायचं! लवकर पोहोचलं तर डॉक्टर पुष्कळ काही करू शकतात. 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान वेळेआधी बाळंतपणाची चिन्हं दिसली, तर आईला एक इंजेक्शन देतात, त्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हायला मदत होते. पण त्याचा उपयोग व्हायला बाळ जन्मायच्या आधी काही तास हातात लागतात. ते तास आपण घरात ‘बघू बघू’ करण्यात घालवले तर दवाखान्यात कुठून आणणार?

आता दोन वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगते. आमच्याच भागातली एक पहिलटकरीण. चौतिसावा आठवडा. रात्री दहाला पोट कडक व्हायला लागलं. घाबरली बिचारी. नवऱ्याने रिक्षा केली, सासूबाई सोबत गेल्या, दवाखान्यात पोहोचले. तपासलं, पिशवीचं तोंड बंद होतं, बाळाचे ठोके चांगले होते, कळाही तोवर थांबल्या होत्या. ‘घरी जा’ म्हणाले. इथपर्यंत सगळं ठीकच होतं. पण तिथे कोणीतरी वैतागून म्हणालं, ‘एवढ्या-तेवढ्याला रात्री-अपरात्री कशाला उठवता?’ परतताना रिक्षाचे चारशे रुपये गेले. घरी आल्यावर दिराने चेष्टा केली, जावेने डोळे फिरवले. पुढचे चार दिवस घरात ‘हिच्या खोट्या कळा’ हा विनोद झाला.

दहा दिवसांनी संध्याकाळी पुन्हा पोट ताठायला लागलं. या वेळी कमरेतून. तिने कोणालाच सांगितलं नाही. भाकऱ्या केल्या, भांडी घासली, अंथरुणावर पडून रात्रभर दात ओठ खात राहिली. पहाटे चारला पाणमोट फुटली तेव्हा सासूबाई जाग्या झाल्या. गाडी येऊन दवाखान्याच्या दारात पोहोचते तोच बाळंत झाली. 1 किलो 900 ग्रॅमचं बाळ. जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात पुढे बरेच दिवस काढावे लागले. बाळ वाचलं, आज घरभर पळतंय. पण बाळंतिणीला भेटायला गेले तेव्हा ती काय म्हणाली ते सांगते. ‘काकू, मला कळत होतं हो, या वेळचं वेगळं आहे. पण परत खोटं निघालं असतं तर?’

मैत्रिणींनो, ‘परत खोटं निघालं असतं तर?’ या प्रश्नाला उत्तर कोणी द्यायचं? तिने की आपण?

दवाखान्यातून परत पाठवणं ही चूक नव्हती, हेही समजून घेतलं पाहिजे. कळा सुरू झाल्या म्हणजे लगेच भरती करून घेतलंच पाहिजे, असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली बाळंतपणाबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यात पिशवीचं तोंड साधारण पाच सेंटीमीटर उघडल्यावर बाळंतपणाचा जोराचा टप्पा सुरू झाला असं मानलंय. त्याआधीचा टप्पा एकीचा काही तासांचा, तर दुसरीचा दिवसभराचाही असू शकतो. फार लवकर भरती केलं की नातेवाइकांची घाई सुरू होते. ‘मॅडम, कळा वाढवायचं इंजेक्शन द्या ना, कधीची आलीय ही!’ ते इंजेक्शन गरज असेल तेव्हा, दवाखान्यात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवूनच द्यायचं असतं. घरी येणाऱ्या कोणा ‘डॉक्टर’कडून ते टोचून घेणं म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ. पिशवी फाटूही शकते. तीच गोष्ट घरगुती उपायांची. एरंडेल पाजणं, पोट चोळून बाळ ‘सरळ’ करणं, दुकानातून दुखण्याची गोळी आणून देणं, हे सगळं कितीही प्रेमाने केलं तरी करू नये. कमरेवरून हळुवार हात फिरवा, पाठीला उशी द्या, तेवढं प्रेम पुष्कळ आहे!

तेव्हा परत पाठवणं हा उपचाराचाच भाग आहे. चूक असते ती परत पाठवण्याच्या पद्धतीत. ‘बाई, आज तोंड बंद आहे, बाळ छान आहे. घरी जा, पण पुन्हा असं झालं, पाणी गेलं, बाळ कमी हललं, तर वेळ न बघता ये,’ एवढी दोन वाक्यं बोलायला अर्धा मिनिट लागतं. आणि कुत्सित एक वाक्य बोलायलाही तेवढाच वेळ लागतो. आमच्या सिस्टर मंडळींवर कामाचा किती बोजा असतो ते मी डोळ्यांनी पाहते. एकाच रात्री चार बाळंतपणं सांभाळणाऱ्या बाईचा आवाज चढला तर मला नवल वाटत नाही. पण त्या चढलेल्या आवाजाची किंमत दहा दिवसांनी दुसरंच कोणी मोजतं, म्हणून हे लिहायला हवं.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायकांनी 1994 साली बाळंतपणातल्या मृत्यूंचा विचार करताना तीन उशीर सांगितले. पहिला, दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर. दुसरा, पोहोचायला झालेला उशीर. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. आपल्या राज्याने दुसऱ्या-तिसऱ्या उशिरावर खूप काम केलंय, हे मान्य केलंच पाहिजे. 2004-06 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला होता. यामागे दवाखान्यात होणारी बाळंतपणं आहेत, दारोदार फिरणाऱ्या आशाताई आहेत, 2014 पासून राज्यात धावणारी 108 ची गाडी आहे. पण पहिला उशीर? तो आपल्या स्वयंपाकघरात होतो, माजघरात होतो. तिथे कुठलीही गाडी येऊ शकत नाही. तिथे आपल्यालाच पोहोचायला हवं.

म्हणून माझं पहिलं सांगणं सासवांना आणि आयांना. तुमची चार-चार बाळंतपणं घरी झाली असतील, तुमच्या अनुभवाला मी हात जोडते. पण तुमची कळ आणि सुनेची कळ एक नव्हे. ती ‘होतंय’ म्हणाली की आधी तिच्या पोटावर हात ठेवा, घड्याळ बघा, मग बोला. अमावास्या आहे, रात्र झालीय, पाहुणे काय म्हणतील, हे त्यानंतर. आणि दवाखान्यातून परत आलात तर ‘फुकट फेरी झाली’ म्हणू नका. ‘बरं झालं, बाळ खुशाल असल्याचं कळलं’ असं म्हणा. एवढ्या एका वाक्याने तिला पुढच्या वेळी बोलायचं बळ येईल.

दुसरं सांगणं नवरेमंडळींना. हा लेख बायकांच्या पुरवणीत आहे म्हणून पान उलटू नका! आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा, रात्री गाडी कोणाची, नंबर कुठे लिहिलाय, मोठ्या मुलाला सांभाळणार कोण. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण तर मोफत आहेच, घरून नेणं आणि परत आणून सोडणंही आहे. 102 आणि 108 हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. शहरातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ एक मिनिटाची आणि असं तासभर चाललं की निघा. पण ज्यांच्या दारापासून दवाखाना तीस-चाळीस किलोमीटर आहे, मध्ये घाट आहे, पावसाळ्यात ओढ्यावर पाणी येतं, त्यांनी तो तास मोजत बसायचं नाही. कळा नियमित झाल्या की निघायचं. दुसरी-तिसरी खेप असेल तर आणखी लवकर, कारण ती बाळंतपणं भराभर होतात. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे, तिथे दिवस भरत आले की आधीच जाऊन राहता येतं. आशाताईंना विचारून बघा.

तिसरं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या लेकींना. सातव्या महिन्याचं डोहाळजेवण झालं की तुम्ही गाव बदलता, म्हणजे दवाखानाही बदलतो. बांगड्या, साड्या, फुलांची वाडी सगळं बरोबर घेता, तशी माता व बाल संरक्षण कार्डाची, सोनोग्राफीची आणि रक्तगटाची कागदपत्रंही पिशवीत वर ठेवा. माहेरी गेल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंकडे नाव सांगा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, 2016 पासून ही सोय आहे. ती चुकवू नका. म्हणजे वेळ येईल तेव्हा तिथल्या डॉक्टरांना तुम्ही अनोळखी नसाल.

आणि शेवटचं, माझ्या पोटुशी मैत्रिणींना. तुमच्या पोटात काय होतंय ते सगळ्यात आधी तुम्हालाच कळतं. ते घड्याळ लावून बघा, कागदावर लिहा आणि मोठ्या आवाजात सांगा. हळूच नाही! दहादा दवाखान्यात गेलात आणि दहादा परत आलात तरी त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. अकराव्यांदाही जा. बाळ खुशाल आहे एवढं ऐकून परत येणं, यापेक्षा चांगली फेरी दुसरी कुठली असते?

पुढच्या वेळी तुमच्या शेजारची एखादी पोर ‘पोट कडक होतंय’ म्हणाली, तर तोंडावर आलेला ‘खोट्या’ हा शब्द तेवढा गिळून टाका आणि विचारा, ‘किती वेळाने होतंय गं? चल, बस इथे, पाणी पी, मी घड्याळ बघते.’ करून बघाल ना?